पोखरलेल्या हाडाला नवा खुबा



आरंभीच एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवणारा एक अध्यापक आहे. आणि खुब्याविषयी मला जे ठाऊक होते ते शाळेत काढलेल्या उखळीच्या सांध्याच्या आकृतीपलीकडे गेलेले नव्हते. आपल्यापैकी शिक्षक मंडळींनी ती आकृती फळ्यावर कितीदा तरी काढली असेल. एक उखळी आणि तिच्यात बसलेला एक गोळा. उखळी कमरेच्या हाडात, गोळा मांडीच्या हाडाच्या माथ्यावर. खाली लिहायचे, 'हा सांधा सर्व बाजूंना फिरतो.' झाले.

2018 सालच्या मार्गशीर्षात माझ्या आत्याचा हा सांधा मोडला, आणि त्या आकृतीत न मावलेले पुष्कळ काही मला शिकावे लागले. त्यातले थोडे आज तुमच्यापुढे मांडावे म्हणतो.

आत्या तेव्हा बासष्ट वर्षांची होती. शेतावरच्या घरात राहणारी, अंगाने काटक. सकाळी चुलीपुढून उठताना खुब्यात कट्कन आवाज झाला आणि ती कोलमडली. शेजारीपाजारी धावले. सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले की म्हातारी पाय घसरून पडली आणि खुबा मोडला; या वयात असे व्हायचेच. आत्या मात्र कण्हत कण्हत एकच सांगत होती, "पडले म्हणून पाय न्हाई मोडला रं बाबांनो, पाय मोडला म्हणून मी पडले." हे बोलणे कुणी मनावर घेतले नाही. मीही नाही. वेदनेच्या भरात माणूस काहीबाही बोलतो असे मला वाटले. रोगाचे अर्धे निदान त्या एका वाक्यात होते, हे पुढे आठवड्याने कळले.

तिला जिल्ह्याच्या गावी नेले. म्हाताऱ्या माणसाचा मोडलेला खुबा शक्य तितक्या लवकर बसवावा असा वैद्यकाचा साधारण नियम आहे, आणि तो योग्यच आहे. त्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी स्क्रू घालून हाड जोडण्याचे ठरले. परंतु तिथे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी आत्याला विचारले, "आजी, पडलात कशा?" आत्याने आपले ते वाक्य पुन्हा सांगितले. डॉक्टर थबकले. त्यांनी क्ष-किरणाचे चित्र पुन्हा मागवले, निरखून पाहिले, आणि म्हणाले, "उद्या शस्त्रक्रिया नको. आधी पूर्ण मांडीचे, पाठीच्या कण्याचे आणि कवटीचे फोटो काढा. रक्त तपासा."

आम्ही सगळे चिडलो, हे खरे सांगायला हवे. माझा आत्तेभाऊ तर तोंडावर म्हणाला, "पाय मोडलाय, आणि डोक्याचा फोटो कशाला?"

डोक्याच्या फोटोत उत्तर होते. कवटीत जागोजागी गोल, काळी, स्वच्छ कडांची भोके दिसत होती. कुणी सुताराने गिरमिटाने पाडावीत तशी. मांडीच्या हाडाच्या मानेशी, जिथे ते मोडले होते तिथे, असेच एक मोठे भोक. आणि त्याच्या खाली वीतभर अंतरावर आणखी एक. रक्त निम्म्यावर आलेले, रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, वाढलेला, मूत्रपिंडे थकलेली. रोगाचे नाव मल्टिपल मायलोमा. हा रक्ताचा कर्करोग आहे. पण त्याचे बिऱ्हाड असते हाडांच्या आत, अस्थिमज्जेत.

हा रोग काय करतो ते नीट समजून घेऊ या. आपल्या मज्जेत प्लाझ्मा नावाच्या पेशी असतात. बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंशी लढणारी प्रतिद्रव्ये त्या तयार करतात. जंतू नाना प्रकारचे, म्हणून प्रतिद्रव्येही नाना प्रकारची लागतात. मायलोमात यांतली एकच पेशी बिघडते आणि तिचाच वंश भराभर वाढू लागतो. रानात हराळी माजावी आणि पिकाला जागा उरू नये, तसे होते. ही सगळी पेशींची झुंड एकाच जातीचे प्रथिन तयार करीत सुटते, आणि ते प्रथिन लढाईच्या उपयोगाचे नसते. रक्तातील प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगवेगळी करून पाहण्याची एक तपासणी आहे, तिला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. निरोगी माणसाच्या आलेखात प्रतिद्रव्यांच्या जागी पसरट टेकडी दिसते. या रोग्याच्या आलेखात तिथे एकच उंच सुळका उभा असतो. तो मी पाहिला आहे.

आता हाडांचे काय? आपल्याला वाटते, हाड म्हणजे दगड. एकदा वाढले की संपले. तसे नाही. हाड म्हणजे मातीचे घर समजा. जुनी माती उकरणारे मजूर आणि नवे लिंपण करणारे मजूर असे दोन्ही तिथे जन्मभर कामावर असतात, आणि दोघांचा मेळ असतो तोवर भिंत मजबूत राहते. मायलोमाच्या पेशी उकरणाऱ्यांना चिथावणी देतात आणि लिंपणाऱ्यांचे हात बांधून ठेवतात. मग भिंत पोखरत जाते आणि उकरलेला चुना रक्तात उतरतो. रोग्यांपैकी बहुसंख्यांना, म्हणजे शंभरांत सुमारे ऐंशी जणांना, निदानाच्या वेळीच हाडांची काही ना काही हानी झालेली असते. आणखी एक वाईट गोष्ट अशी की, औषधांनी रोग आटोक्यात आला तरी पडलेली भोके सहसा पुरती भरून येत नाहीत. तण गेले तरी खड्डा राहतोच.

या रोगाची वैद्यकात नोंदलेली पहिली मोठी हकीकत 1844 सालची, लंडनमधली आहे. सॅरा न्यूबरी नावाची एकोणचाळीस वर्षांची स्त्री. तिला पलंगावर नेण्यासाठी नवऱ्याने उचलले, आणि त्या उचलण्यानेच तिच्या मांड्यांची हाडे मोडली. सॅम्युएल सॉली या शल्यवैद्याने तिच्या मृत्यूनंतर हाडे तपासली तेव्हा आत कठीण भागाऐवजी तांबूस मऊ द्रव्य भरलेले आढळले. ही हकीकत मी पुढे वाचली, तेव्हा मला आत्याचे चुलीपुढचे वाक्य आठवले. त्या बाईला देण्यासारखे डॉक्टरांपाशी रेवाचिनीच्या गोळ्या आणि संत्र्याच्या सालीचा काढा यापलीकडे फारसे काही नव्हते.

खुबाच नेमका का मोडतो? कारण शरीराचा मोठा भार त्याच्यावर येतो. चालताना एका पायावर अंग तोलले की, तोल सावरणारे स्नायूही सांध्याला दाबतात. त्यामुळे शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट भार त्या उखळीत उतरतो. पन्नास किलोच्या बाईच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला जवळजवळ दीड क्विंटल! आणि हाडाची मान तिरकी, तुळईसारखी बाहेर आलेली. वाळवी लागलेला वासा जिथे सर्वांत जास्त ओझे, तिथेच आधी मोडायचा.

म्हणून त्या तरुण डॉक्टरांनी स्क्रूचा बेत थांबवला. स्क्रू घालतात तो अशा भरवशावर की, दोन तुकडे एकमेकांशी धरून ठेवले तर निसर्ग मधे नवे हाड भरील. इथे निसर्गाचे हातच बांधलेले. स्क्रू ज्या हाडात बसायचे तेच पोखरलेले. आठवड्याभरात सगळे पुन्हा सुटले असते. इथे मोडका भाग काढूनच टाकावा लागतो आणि त्याच्या जागी कृत्रिम खुबा बसवावा लागतो.

कृत्रिम खुब्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि कर्करोगाशी नाही तरी हाडाच्या गाठीशी त्याचे जुने नाते आहे. 1940 साली अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि हॅरॉल्ड बोलमन या शल्यवैद्यांनी मांडीच्या हाडाचा वरचा भाग धातूचा करून बसवला, तो एका गाठ झालेल्या रोग्यालाच. पण टिकाऊ खुबा दिला तो इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी. लँकेशायर परगण्यात राइटिंग्टन येथे क्षयरोग्यांसाठी असलेल्या एका रुग्णालयात ते काम करीत. धातूचा गोळा आणि निसरड्या प्लास्टिकची उखळी ही त्यांची कल्पना. प्रथम त्यांनी टेफ्लॉन वापरले, शेकडो रोग्यांना. ते दोन-तीन वर्षांत झिजले, त्याचा चुरा शरीराला सोसेना, आणि बिचाऱ्या चार्नलींना आपल्याच हातांनी बसवलेले सांधे आपल्याच हातांनी काढावे लागले. टेफ्लॉनचे तुकडे त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून पाहिले होते, इतका हा मनुष्य प्रामाणिक. 1962 साली एक विक्रेता त्यांच्या कार्यशाळेत दुसरेच प्लास्टिक घेऊन आला. ते यंत्रमागाच्या दातेरी चाकांसाठी वापरीत. चार्नली म्हणाले, यात काही अर्थ नाही. त्यांचे कारागीर हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परगावी असताना ते यंत्रावर घासून पाहिले, ते झिजेचना! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चार्नलींनी ते रोग्याला बसवले. इचलकरंजी-मालेगावच्या माणसांना हे ऐकून गंमत वाटेल: जगभरच्या खुब्यांतले प्लास्टिक आले मागावरून.

गोळ्याचा दांडा हाडाच्या पोकळीत पक्का धरण्यासाठी चार्नली जे 'सिमेंट' वापरू लागले, ते दंतवैद्यांच्या कामातले ॲक्रिलिक. हे लक्षात ठेवण्याचे कारण सांगतो. हल्ली संधिवाताच्या पुष्कळ रोग्यांना सिमेंटवाचूनचा खुबा बसवतात; दांड्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि हाड त्यात वाढून तो घट्ट होतो. मायलोमाने पोखरलेल्या हाडापासून ही अपेक्षा करता येत नाही. तिथे सिमेंट हवे. ते खड्डे भरून काढते, दहा-पंधरा मिनिटांत कडक होते, आणि रोग्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पायावर भार देता येतो. शिवाय दांडाही नेहमीपेक्षा लांब घेतात. आत्याच्या हाडात वीतभर खाली दुसरे भोक होते ना? आखूड दांडा त्या भोकाच्या तोंडाशी संपला असता आणि हाड पुढे तिथे मोडले असते. मांडीचा पूर्ण फोटो काढण्याचा आग्रह यासाठी होता, आणि आम्ही त्यावर चिडलो होतो.

हे सगळे समजावून झाले तरी घरात एकमत होईना. आत्तेभाऊ म्हणाला, "कॅन्सरच आहे. मुळापासून जाणार नाही म्हणतात. मग आता कशाला चिरफाड? घरी नेऊ, सुखानं पडून राहू दे." त्याला दोष देऊ नका. आपल्याकडे दहा घरांपैकी आठ घरांत हेच बोलले जाईल, आणि ते मायेपोटीच.

डॉक्टरांचे उत्तर मी शक्य तितके जसेच्या तसे सांगतो. ते म्हणाले, "मोडलेल्या खुब्याने माणूस सुखाने पडून राहूच शकत नाही. कूस बदलताना ओरडतो. अंथरुणाला खिळला की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि या रोगात तर नुसते पडून राहिल्याने रक्तातला चुना आणखी चढतो. यांना कॅन्सर नेणार नाही. अंथरूण नेईल, आणि तेही दोन-चार महिन्यांत. कॅन्सरवर आज औषधे आहेत."

हे खरे होते. 1961 साली ज्या थॅलिडोमाइडने युरोपात हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली म्हणून ते बाजारातून उठवले, तेच औषध या रोगावर उपयोगी पडते असे 1999 साली अमेरिकेत दिसून आले. त्याची सुधारलेली भावंडे, 2003 पासून मिळू लागलेले बोर्टेझोमिब, स्टेरॉइड, रोग्याच्या स्वतःच्याच मूळपेशींचे रोपण, या सर्वांनी दोन-तीन वर्षांचे आयुष्य पुष्कळांच्या बाबतीत पाच, सात, दहा वर्षांपर्यंत नेले आहे. रोग समूळ जात नाही. हराळीच्या काशा मातीत राहतात आणि कधीतरी पुन्हा फुटतात. परंतु मधली वर्षे मिळतात. ती उभ्याने काढायची की आडव्याने, एवढाच प्रश्न त्या दिवशी आमच्यापुढे होता.

तो आत्यानेच सोडवला. इतका वेळ ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "मला परसाकडं कोण नेणार हाय रोज? तुझी बायको? का तू?" आत्तेभाऊ खाली पाहू लागला. "कापा म्हणावं," ती म्हणाली.

तरीही सहा दिवस थांबले. सलाइन देऊन आणि औषधाने चुना उतरवला, रक्त भरले, मूत्रपिंडांना उसंत दिली. अशा रोग्यावरची ही शस्त्रक्रिया जोखमीची असते, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रतिकारशक्ती दुबळी, म्हणून जखमेत पू होण्याचे भय. रक्त जास्त वाहते. सिमेंट भरताना रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. गुठळ्यांचा धोका रोगानेही वाढतो आणि रोगावरच्या काही औषधांनीही. भूल देणारे, हाडांचे आणि रक्तरोगाचे असे तिन्ही डॉक्टर आधी एकमेकांशी बोललेले असावेत. आपण विचारावे, "बोललात का?" राग आला तर येऊ द्यावा.

काढलेला हाडाचा भाग तपासणीला गेला. काही रोग्यांत फक्त गोळा बदलून भागते. आत्याची उखळीही बदलली, कारण तिला पुढे काही वर्षे रानात हिंडायचे होते. तिसऱ्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली. जखम भरल्यावर, तीन आठवड्यांनी, दांड्याच्या संपूर्ण लांबीवर किरणोपचार झाले. आत उरलेल्या पेशींनी सिमेंटभोवतीचे हाड खाऊ नये म्हणून. मग सुया-गोळ्या सुरू झाल्या, आणि हाडे उकरणाऱ्या पेशींना आवरणारे झोलेड्रॉनिक ॲसिड शिरेतून. ते देण्यापूर्वी दात तपासून घेतले. या औषधावर असताना दात उपटला तर जबड्याच्या हाडाची जखम कधी कधी भरतच नाही, म्हणून किडका दात आधीच काढायचा.

घरी आल्यावर खरी पंचाईत. मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, सखल पाटावर बसायचे नाही, मोडलेल्या बाजूवर पाय ओलांडायचा नाही. नवा गोळा उखळीतून निसटू शकतो. आपले सगळे जगणे जमिनीलगतचे! चूल, पंगत, परसाकडची जागा, सारे खाली. गावच्या सुताराने मधे भोक असलेली एक उंच खुर्ची करून दिली आणि चुलीसाठी कमरेइतका ओटा बांधला. त्या दोन गोष्टींवाचून लाखमोलाचा खुबा वाया गेला असता.

रुग्णालयात एक प्राथमिक शिक्षक भेटत. त्यांना हाच रोग; पण खुबा गेला तो दुसऱ्याच वाटेने. उपचारातल्या स्टेरॉइडमुळे गोळ्याचा रक्तपुरवठा कधी कधी तुटतो आणि गोळा आतून मरून बसका होतो. त्यांचा रोग आटोक्यात होता, हाड तसे शाबूत. त्यांना साधा खुबा बसला आणि ते शाळेत रुजूही झाले. तेव्हा औषधे चालू असताना जांघेत दुखू लागले तर 'औषधाचेच असेल' म्हणून सोडून देऊ नये.

आणि मोडण्याची वाटही पाहू नये. 1989 साली मिरेल्स नावाच्या डॉक्टरांनी अशा हाडांसाठी एक गुणपत्रक केले. भोक कुठे आहे, दुखते किती, हाडाच्या रुंदीचा किती भाग गेला, फोटोत ते कसे दिसते, अशा चार विषयांना प्रत्येकी 3 पर्यंत गुण, एकूण 12. नऊ किंवा अधिक झाले तर हाड मोडण्यापूर्वीच त्याला आधार द्यावा. शिक्षक बंधूंनी लक्षात घ्यावे, या परीक्षेत कमी गुण पडलेला तो उत्तीर्ण! प्रत्येक भोकाला शस्त्रक्रिया लागते असेही नाही. पुष्कळांना औषधे आणि किरणोपचार पुरतात.

माझी खरी बोच वेगळीच आहे. मोडण्यापूर्वी सात-आठ महिने आत्याची पाठ दुखत होती. रात्री कुशीवर वळताना जास्त. दम लागे, चेहरा पांढरा पडला होता. आम्ही म्हणालो, वय झाले. गावातल्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून देत राहिलो. मीही शहरातून पाकिटे नेली आहेत. या रोगात मूत्रपिंडे आधीच संकटात असतात, आणि तसल्या गोळ्या त्यांना आणखी मारतात. पन्नाशी उलटलेल्या माणसाची पाठ किंवा बरगड्या महिना-महिना दुखत असतील आणि जोडीला रक्त कमी असेल, तर रक्तातली प्रथिने, चुना आणि मूत्रपिंडे तपासून घ्या. तपासणी मोठी नाही. खर्चाची काळजी असेल तर शासकीय योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शस्त्रक्रियेपूर्वीच त्याला गाठा, नंतर नव्हे.

आत्या पुढे चार वर्षे आणि काही महिने जगली. मधे एकदा रोग उलटला, औषध बदलले, पुन्हा आवरला. काठी टेकत ती गोठ्यापर्यंत जाई, हुरड्याच्या दिवसांत बांधापर्यंत. परसाकडे ती अखेरपर्यंत स्वतः गेली. 2023 च्या उन्हाळ्यात छातीत जंतुसंसर्ग झाला आणि चार दिवसांत ती गेली. खुबा शाबूत होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही सावडायला गेलो. राखेत अस्थी वेचताना आत्तेभावाच्या हाताला तो दांडा लागला. काळवंडलेला, पण सरळ, टोकाला गोळा तसाच. नदीच्या पाण्यात त्याने तो धुतला. बराच वेळ हातात धरून तोलत राहिला. मग मला म्हणाला, "एवढ्याशावर उभी होती होय रे ती?"